संशोधनाचा समाजावरचा प्रभाव मोजताय? या चुका टाळा

विद्यापीठाच्या अहवालात ‘सामाजिक प्रभाव’ या मथळ्याखाली बहुतेकदा काय असतं? शिबिरं किती झाली, शिवारफेऱ्या किती, बातम्या किती छापून आल्या. हा आपल्या धावपळीचा हिशेब झाला. प्रभाव म्हणायचा तर कुंपणाबाहेरच्या कुणाचं तरी काहीतरी बदललेलं दिसायला हवं. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचं मूल्यमापन करणाऱ्या रिसर्च एक्सलन्स फ्रेमवर्कने एकूण गुणांकनात प्रभावाला २०१४ मध्ये २० टक्के आणि २०२१ मध्ये २५ टक्के भार दिला, तोही याच अटीवर. शोधनिबंधाला मिळालेली उद्धरणं म्हणजे शास्त्रज्ञांनी शास्त्रज्ञांना दिलेली दाद; ती इथे मोजू नका.

सगळ्यात महागात पडते ती श्रेयाची चूक. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘भगवा’ हा डाळिंबाचा वाण घ्या. सोलापूर-नाशिकच्या कोरडवाहू पट्ट्यात डाळिंबाने पैसा आणला, खरंच आणला. पण ठिबक, रोपवाटिका, बँकेचं कर्ज, निर्यातदार आणि जोखीम अंगावर घेणारा बागायतदार नसता तर वाण विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरच राहिला असता. तेव्हा एकूण उत्पन्नाचा आकडा आपल्या नावावर टाकण्याआधी विचारा: भगवा नसता तर याच शेतकऱ्याने काय लावलं असतं? उत्तर ‘गणेश’ हा जुना वाण आलं, तर श्रेय दोन वाणांतल्या फरकापुरतंच: गडद लाल दाणे, जाड साल, लांबच्या वाहतुकीत टिकणं, आणि त्यामुळे मिळालेला जास्तीचा दर. (गणेशही पुण्याच्या गणेशखिंडमधल्या संशोधनातूनच आलेला, त्यामुळे सरकारी संशोधनाचा एकूण वाटा काढायचा तर गणित पुन्हा बदलतं.)

तोट्याची बाजूही लिहा. भगवा तेल्या रोगाला बळी पडतो आणि तेल्यापायी अनेकांनी बागा उपटल्या. ते वगळून लिहिलेला अहवाल जाहिरात वाटतो.

घाईही नको. ब्रिटनच्या २०२१ च्या फेरीत प्रभाव ऑगस्ट २०१३ नंतरचा हवा होता, पण त्यामागचं संशोधन २००० सालापर्यंत मागचं चालत होतं.

सुरुवातीची स्थिती नोंदवायची राहून गेली असेल, तर शेतकऱ्यांच्या आठवणीवर आकडे उभे करू नका. रोपवाटिकांची जुनी बिलं, बाजार समितीतले आवक-दर, निर्यातदारांच्या खरेदी नोंदी धुंडाळा. सातबाऱ्यावर पीक सापडेल, वाण बहुधा नाही.