थ्री-एक्स-थ्री भरवताय? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या मंडळांनी या चुका टाळा

ऑलिम्पिक झालं की आपल्याकडे थ्री-एक्स-थ्रीची, म्हणजे तिघातिघांच्या हाफ कोर्ट बास्केटबॉलची हवा येते. टिळकवाडी असो, शहापूर असो, नाहीतर खानापूर-निपाणीकडचं एखादं शाळेचं मैदान, कुठंतरी चुन्याच्या रेघा पडतात. संघांना सर्बिया, लाटविया अशी नावं मिळतात आणि पहिल्याच सामन्यात टेबलाभोवती गर्दी जमते. बहुतेक भांडणं एकाच कारणानं होतात: पाच जणांच्या बास्केटबॉलचे नियम तसेच्या तसे अर्ध्या मैदानावर आणलेले असतात. फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या, विश्वचषकात पुरुषांचे २० आणि महिलांचे २० राष्ट्रीय संघ ज्या नियमांनी खेळतात, ते बऱ्याच बाबतींत वेगळे आहेत. आणि आपल्यासारख्या तुटपुंज्या साधनांत खेळणाऱ्यांना तेच जास्त सोयीचे आहेत.

बास्केट झाली, आता बॉल कुणाचा आणि कुठून?

सगळ्यात मोठा घोळ इथं होतो. बास्केट पडली की आपली पोरं सवयीनं बॉल एंड लाइनच्या, म्हणजे बास्केटमागच्या रेघेच्या, बाहेर नेतात आणि तिथून थ्रो करतात. दुसरी तऱ्हा म्हणजे सगळे थांबतात आणि रेफ्रीच्या शिट्टीची वाट बघतात. दोन्ही चूक. इथं खेळ थांबतच नाही. ज्या संघावर बास्केट झाली, त्यानं बास्केटखालूनच बॉल उचलायचा आणि ड्रिबल करत (टप्पे टाकत) किंवा पास देऊन आर्कच्या, म्हणजे बास्केटभोवतीच्या मोठ्या कमानी रेघेच्या, बाहेर काढायचा. त्या वेळी बास्केटखालच्या छोट्या अर्धवर्तुळात जाऊन बॉल हिसकावायला दुसऱ्या संघाला मनाई असते.

बॉल चोरला, शॉट अडवला किंवा समोरच्यांचा रिबाउंड, म्हणजे हुकून उसळलेला बॉल, घेतला, तरी तो आधी आर्कबाहेर काढावा लागतो. दोन्ही पाय रेघेच्या पलीकडे असले पाहिजेत, एक पाय रेघेवर असला तरी बॉल बाहेर गेला असं धरत नाहीत. इथंच गॅलरीतून आवाज येतो, "कुठं जाऊलालास, आधी बाहेर काढ की बॉल!" बाहेर न काढता मारलेली बास्केट धरायची नाही, बॉल दुसऱ्या संघाला द्यायचा. याच्या उलटी चूकही बघायला मिळते. आपल्याच शॉटचा रिबाउंड आपल्यालाच मिळाला तर बाहेर जायची काहीच गरज नाही, तिथूनच परत मारायचा. काही पोरं इमानदारीत तोही बॉल बाहेर घेऊन जातात आणि हातातली बास्केट घालवतात.

उपाय साधा आहे. दोन रेफ्री ठेवा आणि एकाला फक्त आर्कवरच्या पायांकडे बघायला सांगा. चेक-बॉल, म्हणजे आर्कबाहेर बचाव करणाऱ्यानं आक्रमण करणाऱ्याच्या हातात बॉल देणं, हे फक्त फाउल किंवा आउटसारख्या कारणानं खेळ थांबल्यावरच. दोघांनी बॉल घट्ट धरला, तर बॉल वर उडवून जम्प नाही, बॉल सरळ बचाव करणाऱ्या संघाला.

गुण आणि वेळ

आर्कच्या आतून १, बाहेरून २, फ्री थ्रोला (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या शॉटला) १. स्कोअरर शाळेचा जुना पीटी मास्तर असेल तर हात आपोआप २ आणि ३ लिहितो. त्याच्यासमोर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, दुसरा इलाज नाही.

सामना १० मिनिटांचा, पण त्याआधी कुणी २१ गाठले तर तिथंच संपतो. टोकियो ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात लाटवियानं रशियन संघाला २१-१८ असं हरवलं, ते असंच. बरोबरी झाली की आपल्याकडे लगेच "अजून पाच मिनिटं द्या" सुरू होतं. ते नको. ओव्हरटाइममध्ये जो आधी २ गुण करेल तो जिंकला, घड्याळ लागतच नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेदरलँड्सनं फ्रान्सला १८-१७ असं हरवून सुवर्ण घेतलं, तेही ओव्हरटाइममध्ये वर्दी द यॉंगनं आर्कबाहेरून मारलेल्या एका शॉटवर. फ्रान्सचा एक गुण झाला होता, दुसरा व्हायच्या आतच खेळ संपला. म्हणून टॉसकडे दुर्लक्ष करू नका. टॉस जिंकणाऱ्याला बॉल सुरुवातीला घ्यायचा की संभाव्य ओव्हरटाइमसाठी राखायचा, हे ठरवता येतं. आपले कॅप्टन डोळे झाकून सुरुवातीचा बॉल मागतात. समोरचा संघ तोडीस तोड असेल तर मी तरी ओव्हरटाइमचा ठेवीन.

थांबवता येणारं घड्याळच नाही, ही आपली खरी अडचण. त्यावरही फिबानंच तोड सांगून ठेवलीय: घड्याळ न थांबवता खेळायचं असेल तर मिनिटं आणि गुणांची मर्यादा जुळवा, १० मिनिटांना १० गुण, १५ ला १५, २१ ला २१. दिवसात पुष्कळ सामने उरकायचे असतील तर १०-१० घ्या. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला मिळणाऱ्या वेळेचं घड्याळ, १२ सेकंदांचं असतं. तेही नसेल आणि एखादा संघ नुसता वेळ काढत असेल, तर रेफ्रीनं शेवटचे ५ सेकंद मोठ्यानं मोजायचे.

फाउलचा हिशेब

पाच फाउल झाले म्हणून कुणाला बाहेर बसवू नका. नुसत्या वैयक्तिक फाउलच्या आकड्यावरून इथं कुणी बाद होत नाही, संघाचे फाउल मोजायचे. ७ वा, ८ वा आणि ९ वा झाला की समोरच्याला दोन फ्री थ्रो. १० व्यापासून दोन फ्री थ्रो आणि वर बॉलही त्यांचाच. टेबलावर हा आकडा दोन्ही संघांना दिसेल असा लावा, नाहीतर ९ की १० यावरून अर्धा तास जातो.

सर, तुम्ही जरा गॅलरीत बसा

संघात चार जण, तिघं आत आणि एक बदली. कोचला कोर्टवर जागा नाही आणि गॅलरीतून सूचना देणंही नियमात बसत नाही. आपल्याकडे हे पाळून घेणं फार अवघड जातं, कारण सर शाळेचे असतात आणि रेफ्री बहुतेक वेळा त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यामुळे सामन्याआधीच, मराठीत आणि कन्नडमध्ये, माइकवरून सांगून टाका.

खेळाडू बदलायला शिट्टी लागत नाही. बॉल डेड असताना, म्हणजे खेळ थांबलेला असताना, बास्केटच्या समोरच्या टोकाला, आतल्यानं बाहेर येऊन बदलीला हात लावला की झालं.

कोर्ट आणि बॉल

कोर्ट १५ मीटर रुंद, ११ मीटर लांब. नेहमीच्या कोर्टाचं अर्धं घेतलं तर लांबी १४ मीटर भरते, म्हणून मधली रेघ न धरता ११ वर चुना मारा. बॉल ६ नंबरच्या आकाराचा, पण वजन ७ नंबरचं, पुरुष-महिला दोघांनाही तोच. "मुलींचा बॉल का दिला?" हा प्रश्न येणारच. दुकानात साधा ६ नंबर मिळतो, तो हलका असतो. योग्य बॉल मिळालाच नाही तर सगळे सामने एकाच बॉलवर घ्या, निदान तक्रार सगळ्यांची सारखी राहील.

गटात बरोबरी

आधी विजय बघा, मग आपसातला सामना. तरीही सुटलं नाही तर सरासरी किती गुण केले ते. गुणांतला फरक नाही! कबड्डीच्या सवयीनं आपण फरक काढत बसतो आणि भलताच संघ पुढं जातो. पुढे चाल मिळालेल्या सामन्याचे गुण या सरासरीत धरू नका. आणि चाल कधी द्यायची तेही आधीच ठरलेलं आहे: ठरल्या वेळी तीन खेळाडू कोर्टवर तयार नसतील तर सामना गेला. "एकजण खानापूरहून बसनं येऊलालाय" म्हणून थांबायचं नाही.