जॅझसाठी ॲम्प सिम निवडताय? आधी लेव्हल जुळवा

दोन-तीन ॲम्प सिम पेडल्स (खऱ्या गिटार ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणारी) समोर मांडून जॅझच्या क्लीन टोनसाठी त्यातलं कुठलं घ्यायचं हे ठरवणार असाल, तर आदल्या रात्रीच काय काय तयार ठेवायचं ते सांगतो. मागच्या खेपेला मी जे पेडल 'उबदार' म्हणून उचललं, ते शेजारच्यापेक्षा फक्त मोठ्याने वाजत होतं. घरी दोघांची लेव्हल सारखी केली आणि ऊब गायब. तेव्हा या यादीत लेव्हल पुन्हा पुन्हा येणार. कंटाळा आला तरी ती वाक्यं गाळू नका, बाकीची गाळलीत तरी चालेल.

गिटार, ट्यूनर, पिक. पुढे.

तारा आधीच ठरवा. फ्लॅटवाउंड (सपाट, गुळगुळीत गुंडाळीच्या तारा) लावणार असाल तर त्या लावूनच तुलना करा. नव्या कोऱ्या राउंडवाउंडवर (नेहमीच्या खरखरीत गुंडाळीच्या तारांवर) पेडल्स पारखायची आणि मग घरी येऊन जाड फ्लॅट्स चढवायच्या, यात काही अर्थ नाही. फ्लॅट्सना वरची चमक मुळातच कमी असते, त्यामुळे राउंडवाउंडवर 'तिखट' वाटलेलं पेडल फ्लॅट्सवर नेमकं बसू शकतं. उलटंही होतं: राउंडवाउंडवर गोड वाटलेलं फ्लॅट्सवर गोधडीत गुंडाळल्यासारखं वाजतं.

गिटारवरचे नॉब एकदा लावले की लावले. नेक पिकअप, व्हॉल्यूम सातच्या आसपास, टोन तुम्हाला आवडतो तिथे. मग दोन्हींवर चिकटपट्टीचा तुकडा लावून टाका. साध्या पॅसिव्ह गिटारवर व्हॉल्यूम खाली केला की आवाजाबरोबर ट्रेबलही थोडा जातो, आणि नकळत बोट लागून सातचा आठ झाला की तुम्ही पेडलची नाही, स्वतःच्या करंगळीची तुलना करत बसता. केबलही एकच ठेवा. लांब केबल पिकअपच्या वरच्या सुरांवर मऊपणा आणते. तीन मीटरची एका पेडलला आणि सहा मीटरची दुसऱ्याला असं करू नका.

करंट बघा. इथे दुकानातही घोळ होतात. साध्या ओव्हरड्राइव्हला पुरणारा १०० मिलिअँपिअरचा ॲडॅप्टर या पेडल्सना पुरत नाही. स्ट्रायमन इरिडियमला ९ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर लागतात, युनिव्हर्सल ऑडिओच्या ड्रीम '६५ ला ४००, आणि लाइन ६ च्या एचएक्स स्टॉम्पला त्याचा स्वतःचा ३ अँपिअरचा ॲडॅप्टरच लागतो. एकाच ॲडॅप्टरवरून साखळी करून सगळी डिजिटल पेडल्स चालवलीत तर शिट्टी आणि गुणगुण येणार. क्लीन टोनमध्ये ती लपायला जागाच नसते. प्रत्येक आउटपुट वेगळं असलेला आयसोलेटेड पॉवर सप्लाय मागून आणा, उसना आणा, पण आणा.

आता ऐकायचं कशावर? सगळी पेडल्स एकाच ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा), एकाच इनपुटला, एकाच हेडफोनवर किंवा मॉनिटरवर. पेडलचा स्वतःचा हेडफोन जॅक वापरू नका. इरिडियमला तो आहे, ड्रीम '६५ ला नाही. एक इथून आणि एक तिथून ऐकलंत की दोन वेगळे हेडफोन ॲम्प ऐकताय. इंटरफेसवर लाइन इनपुट निवडा, गिटारसाठीचं इन्स्ट्रुमेंट इनपुट नको. आणि इंटरफेसचा गेन एकदा लावला की त्याला शिवायचं नाही. का, ते लेव्हलमध्ये येतंच आहे.

कॅब सिम्युलेशन, म्हणजे ॲम्पच्या स्पीकर-खोक्याची नक्कल, चालू की बंद, हे आधी ठरवा. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक सगळं खाऊन टाकतो. ते खाणं कॅब सिम्युलेशन करतं. इंटरफेसमध्ये किंवा पीएमध्ये थेट जाताना ते चालू हवं, नाहीतर जॅझ कॉर्डऐवजी पत्र्यावर खिळा घासल्याचा आवाज येतो. घरातल्या गिटार ॲम्पच्या इफेक्ट्स रिटर्नमध्ये (मागचं, थेट पॉवर ॲम्पला जाणारं इनपुट) जात असाल तर ते बंद, कारण खरा स्पीकर तिथे बसलेलाच आहे. दोन्ही चालू राहिले तर आवाज घशात अडकतो, आणि लोक म्हणतात पेडल गढूळ आहे. पेडल बिचारं ठीक असतं. जॉयो अमेरिकन साउंडसारख्या स्वस्त ॲनालॉग पेडलमध्ये स्पीकरचा रंग सर्किटमध्येच घातलेला असतो, बंद करायला बटणच नाही. सॅन्सॲम्पने १९८९ मध्ये आणलेली ही कल्पना आजही चालते. ते पेडल तुलनेत असेल तर इतरांचा कॅब चालूच ठेवा.

आणि आता लेव्हल.

माणसाचा कान कमी आवाजात बास कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून मांडलं. आवाज वाढला की खालचे सूर आपोआप भरदार होतात, वरचेही थोडे उजळतात. रॉकवाल्याला यामुळे मोठ्याने वाजणारं पेडल 'दमदार' वाटतं. जॅझवाल्याचं नुकसान जास्त मोठं, कारण आपण शोधतोच मुळी खालच्या तारांची ऊब, सहाव्या तारेवरच्या कॉर्डचं भरलेलं अंग. एकाच पेडलचा आउटपुट एक-दोन डेसिबलने वर केला तर 'मोठं झालं' असं वाटत नाही, 'चांगलं झालं' असं वाटतं. खरी गोम इथेच आहे. फरक मोठा असता तर कळला असता.

म्हणून कान वापरू नका, मीटर वापरा. लॅपटॉपवर रीपर किंवा रेकॉर्डिंगचं जे काही सॉफ्टवेअर आहे ते उघडा, त्यात लाउडनेस मीटर टाका; यूलीनचं मोफत आहे. एकच तुकडा वाजवून प्रत्येक पेडलचा आकडा एलयूएफएसमध्ये (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) घ्या आणि अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. फोनवरचं ॲप वापरायची वेळ आलीच तर ते ए-वेटिंगवर ठेवू नका, सी-वेटिंगवर ठेवा (कुठल्या सुरांना किती वजन द्यायचं याच्या मीटरमधल्या या सेटिंग्ज). ए-वेटिंग १०० हर्ट्झला १९ डेसिबल कापतं, म्हणजे तुम्ही ज्या पट्ट्यासाठी आलात तोच मीटरला जवळजवळ ऐकू येत नाही.

लेव्हल जुळवायची ती आउटपुटच्या नॉबने. ड्राइव्हने (ॲम्प किती ताणायचा तो नॉब) नाही. इरिडियमवर 'लेव्हल' नावाचा नॉब आहे. ड्रीम '६५ वर 'आउटपुट' आहे आणि 'व्हॉल्यूम'ही आहे. त्यातला व्हॉल्यूम म्हणजे ॲम्पचा, तो वाढवलात तर टोनच बदलतो. सगळ्यांचे आउटपुट बारावर (घड्याळातल्या बारासारखे, बरोबर मध्ये) ठेवले म्हणजे लेव्हल सारखी झाली, असं समजणारा मी एकटा नसेन. बारावरचा बारा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो.

आता टोनच्या नॉबकडे. ते बारावर ठेवून सुरुवात करू नका. इरिडियमचा 'राउंड' आणि ड्रीम '६५ हे दोन्ही फेंडर डिलक्स रिव्हर्बवर बेतलेले आहेत, आणि फेंडरच्या त्या जुन्या टोन सर्किटमध्ये मधले सूर दबलेलेच असतात. बारा-बारा-बारा म्हणजे सपाट नव्हे, मध्ये खड्डा. जॅझसाठी, शून्य ते दहाच्या मापाने, बास आणि ट्रेबल दोन-तीनवर आणा, मिडल सात-आठवर न्या. ड्रीम '६५ ला मिडलचा नॉबच नाही, कारण मूळ डिलक्सलाही नाही. तिथे बास-ट्रेबल खाली आणून मध्य वर आल्यासारखा करून घ्यावा लागतो. इरिडियमवर तो नॉब जास्तीचा मिळतो, आणि आपल्या कामाला फार उपयोगी पडतो. डिलक्स २२ वॉटचा ॲम्प आहे, लवकर चिरतो, म्हणजे आवाज फाटू लागतो. त्याची नक्कलही तशीच वागते. जाड आवाजाचे हंबकर (दोन कॉइलचे पिकअप) असतील तर ड्राइव्ह किंवा व्हॉल्यूम तीनच्या वर नेताना जपून.

बास खाली आणलात ना? मग लेव्हल बदलली. पुन्हा मीटर. मिडल वर नेलात? पुन्हा मीटर. हे कटकटीचं आहे, मान्य. पण एकाचा बास उतरवून दुसऱ्याशी तुलना केली आणि लेव्हल पुन्हा जुळवली नाही, तर पहिली सगळी मेहनत फुकट.

तुम्हाला नक्की कोणता ॲम्प हवा आहे, याचं उत्तरही घरून घेऊन या. जॅझचा क्लीन म्हणजे फेंडरच असं काही नाही. जॅझ गिटारवादक जो पास (Joe Pass) पॉलीटोनवर वाजवायचा, आणि पॉलीटोन हा ट्रान्झिस्टरचा ॲम्प. रोलँडचा जेसी-१२०, १९७५ सालचा, तोही ट्रान्झिस्टरचाच, १२० वॉट आणि दोन १२ इंची स्पीकर. कितीही ठोका, चिरत नाही. ती कोरडी स्वच्छता हवी असेल तर इरिडियममध्ये ती नाही, तिथले तिन्ही ॲम्प व्हॉल्व्हचे आहेत: फेंडर, व्हॉक्स, मार्शल. एचएक्स स्टॉम्पमध्ये 'जॅझ रिव्हेट १२०' या नावाने जेसी आहे. नाही ते शोधत बसण्यात दुपार जाते.

काय वाजवायचं तेही लिहून आणा, नाहीतर प्रत्येक पेडलवर वेगळंच काहीतरी सुचतं. सी मायनर सेव्हन, एफ सेव्हन, बी फ्लॅट मेजर सेव्हन, सहाव्या-पाचव्या तारेवरून तीन-तीन सुरांचे कॉर्ड. मग पहिल्या दोन तारांवर एक ओळ, कारण बास भरदार पण वर बारीक आणि काचेसारखं, असं पेडल इथेच पकडलं जातं. मग अंगठ्याने दोन-चार ऑक्टेव्ह. शेवटी एक कॉर्ड मुद्दाम जोरात, कुठे चिरतो ते बघायला. हा तुकडा लूपरमध्ये (वाजवलेलं रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा सोडणारं पेडल) भरा, लूपर सगळ्या पेडल्सच्या आधी लावा, आणि तोच लूप प्रत्येकातून सोडा. हात बदलला नाही म्हणजे लेव्हलचा आकडाही विश्वासाचा. लूपरने फक्त अर्धं काम होतं, कारण त्यातून निघणारा सिग्नल बफर झालेला, म्हणजे लूपरच्या सर्किटमधून ताकद मिळालेला असतो आणि पिकअप थेट पेडलच्या इनपुटला कसा भिडतो हे त्यात दिसत नाही. लेव्हल लूपरवर जुळवा, बोटाखालचा प्रतिसाद नंतर थेट वाजवून बघा.

रिव्हर्ब शून्य. इरिडियमचा 'रूम'ही सगळ्यात खाली. रिव्हर्ब कुठल्याही टोनला गोड करतो.

पेडल बदलायला दुसरं कोणीतरी हवं, आणि तुमची पाठ तिकडे. किंमत माहीत असली की कान ऐकत नाहीत. पंधरा-वीस मिनिटांनी थांबा, चहा घ्या.

मग जे पेडल उरेल ते बासवाल्या-ड्रमरबरोबर एकदा वाजवा. हेडफोनवरची ऊब बँडमध्ये बासच्या पोटात जाते. बास अजून कमी करावा लागेल, मिडल अजून थोडा वर. तिथेही दोन पेडल्स नेली असतील तर लेव्हल आधी घरीच जुळवून न्या, नॉब कुठे होते त्याचा फोटो काढून ठेवा, आणि फोटोत आउटपुटचा नॉब आलाय का ते बघा.

रेकॉर्डिंग करायचं तर करा, फाइलला नाव द्या. खोका आणि बिल परत करायची मुदत संपेपर्यंत जपा.