"लेझर आहे ना, मग होईल की": फायबर लेझरवाल्यांनो, या चुका टाळा

भोसरीत जॉबवर्क करताना वरचं वाक्य रोज ऐकतो. फायबर लेझरने (काचेच्या तंतूत तयार होणाऱ्या लेझर किरणाने) पत्रा कापता येतो, वेल्डिंग होतं, बेअरिंगवर नंबर मारता येतो, गंजसुद्धा निघतो, हे सगळं खरंय, पण प्रत्येक कामाला पॉवर, पल्स (किरणाचे झटके), फोकस वेगळा लागतो आणि काही मटेरियलवर तो चालतच नाही.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे वेव्हलेंग्थचा (किरणाच्या तरंगलांबीचा) विचारच न करणं. आमच्याकडे एका नव्या पोराने मार्किंग मशीनवर ३ एमएमची पारदर्शक अॅक्रिलिक नेमप्लेट ठेवली, काही उमटेना म्हणून पॉवर वाढवत वाढवत १०० टक्क्यांवर नेली, कुणाला विचारलं नाही. प्लेट उचलली तर ती कोरी आणि खालच्या काळ्या अॅनोडाइज्ड बेडवर गिऱ्हाइकाचं नाव! फायबरचा किरण साधारण १०६४ नॅनोमीटरचा, तो पारदर्शक अॅक्रिलिकमधून आरपार जातो. तिथे १०.६ मायक्रॉनवाला सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचा) लेझरच हवा. (१९६४ साली तो बनवणारे कुमार पटेल आपल्या बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले, याचा मला फार अभिमान आहे.) त्या नेमप्लेटच्या प्रसंगापासून नवीन मटेरियल आलं की मी आधी कमी पॉवरवर कोपऱ्यात एक टिंब मारून बघतो, दोन मिनिटं जातात, जाऊ देत.

व्हॉट्सअॅपवर आलेल्या सेटिंगचा फोटो बघून तसेच आकडे टाकणं, हे तर मला अजिबात पटत नाही. वॅट सारखे असले तरी समोरच्याची लेन्स ११० एमएम फील्डची (तेवढ्या चौकोनात मार्किंग करणारी) आणि तुमची ३०० ची असेल तर स्पॉटच (किरणाचा ठिपकाच) बदलतो. अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमवर गडद काळं हवं असेल तर पल्सची लांबी कमीजास्त करता येणारा मोपा सोर्स (मशीनमधला किरण बनवणारा भाग) लागतो, ती बदलता न येणाऱ्या साध्या क्यू-स्विच सोर्सवर कितीही घासा, राखाडीच येणार.

थंड तांबं बहुतेक लाइट परत फेकतं, ती सोर्सपर्यंत जाऊ शकते, म्हणून वेल्डिंगची टॉर्च मी नेहमी जरा तिरकीच धरतो.

पीव्हीसी कुठल्याच लेझरखाली नको, निघणारा धूर अॅसिडचा असतो, फुप्फुसंही जातात आणि मशीनच्या रेल्सही गंजतात.

आणि गॉगल. हा किरण डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटतच नाही. मशीनसोबत आलेला हिरवा प्लास्टिकचा चष्मा चालेल असं समजू नका, त्यावर १०६४ आणि ओडी (चष्मा तो किरण किती अडवतो ते सांगणारा आकडा) छापलंय का ते बघा, नसेल तर नवीन येईपर्यंत मशीन बंद ठेवा.