ड्रॉइंगमधली अक्षरं आणि वर्डमधली अक्षरं एका मापात आणायची कशी

सिव्हिलचा डिप्लोमा नाहीतर बीई करून कन्सल्टन्सीत नवीन लागलात की एक काम हमखास गळ्यात पडतं, ऑटोकॅडची ड्रॉइंग्ज वर्डच्या रिपोर्टात बसवायची. आणि सर जाता जाता सांगून जातात, "रिपोर्ट 10 पॉइंटमध्ये आहे, ड्रॉइंगमधलं टेक्स्टपण तेवढंच दिसू दे." कॉलेजात हे कोणी शिकवत नाही, म्हणून लिहितोय.

नवीन पोरं सगळी एकच करतात. 1 पॉइंट म्हणजे 1 इंचाचा 72 वा भाग, म्हणजे 0.3528 मिमी, मग 10 पॉइंट झाले साधारण 3.5 मिमी, टाक ऑटोकॅडमध्ये हाइट 3.5. प्रिंट काढली की ड्रॉइंगमधली अक्षरं चांगली ढबोळी, 14 पॉइंटची वाटतात. आणि ती खरंच 14 चीच असतात! गुणाकार बरोबर आहे, पण दोन्हीकडे मोजलं जातंय ते वेगळं आहे. पॉइंट हे माप छापखान्यातल्या खिळ्यांच्या जमान्यातलं. तो आकडा शिशाच्या खिळ्याच्या उंचीचा, त्यावरचं अक्षर त्याहून लहानच असायचं कारण वरखाली जाणाऱ्या भागांना जागा लागते. वर्ड अजून तीच पद्धत चालवतो. ऑटोकॅडमध्ये मात्र टेक्स्ट हाइट म्हणजे ढोबळमानाने कॅपिटल अक्षराची उंची.

एरियलमध्ये कॅपिटल हे फाँट साइजच्या 0.716 पट असतं. म्हणजे 10 पॉइंटचं कॅपिटल कागदावर 2.5 मिमी भरतं, 14 चं 3.5, 20 चं 5 आणि 28 चं 7. आता ड्रॉइंगच्या स्टँडर्डमधल्या अक्षरांच्या उंच्या आठवा, 2.5, 3.5, 5, 7, त्याच आहेत की! त्यामुळे एरियल वापरत असाल तर ही जोडी पाठच करून टाका. टाइम्स न्यू रोमन जरा ठेंगणा, त्याच्या 12 पॉइंटचं कॅपिटल सुमारे 2.8 मिमी येतं आणि कॅलिब्री त्याहून बुटका.

दुसरा कुठलाही फाँट असेल तर नेटवर शोधत बसू नका. वर्डमध्ये 72 पॉइंटला कॅपिटल एच टाइप करा, प्रिंट काढा, पट्टीने मोजा आणि 25.4 ने भागा, झाला त्या फाँटचा रेशो (एरियलचा एच 18 मिमीच्या थोडा वर भरतो, करून बघा). प्रिंट करताना फिट टू पेज बंद आणि ॲक्चुअल साइज चालू, नाहीतर सगळं मोजमाप पाण्यात. ऑटोकॅडमध्येपण काही ट्रूटाइप फाँटमध्ये हाइटमध्येच ॲक्सेंटच्या खुणांची जागा धरलेली असते आणि कॅपिटल थोडं कमी भरतं, म्हणून तिकडचीपण एक प्रिंट मोजून घ्या.

हे सगळं कागदावरच्या मापाचं झालं. मॉडेल स्पेसमध्ये (म्हणजे ऑटोकॅडमध्ये जिथे ड्रॉइंग खऱ्या मापात काढतात तिथे) लिहीत असाल तर स्केलने गुणा, मिमीत काढलेलं ड्रॉइंग 1:100 ला प्लॉट होणार असेल तर 2.5 साठी 250, 1:50 ला 125, आणि मीटरमध्ये काढलं असेल तर 1:100 ला 0.25. खरं सांगायचं तर ॲनोटेटिव्ह टेक्स्ट (स्केलप्रमाणे आपोआप माप बदलणारं टेक्स्ट) शिकून घ्या नाहीतर नोट्स सरळ लेआउटमध्ये, म्हणजे प्रिंटच्या कागदाच्या मापाच्या पानावर लिहा, हे गुणाकार करत बसायचं वय नाही आपलं.

आता खरी गोची. ए3 चं ड्रॉइंग वर्डच्या ए4 पानात टाकलं की ते आक्रसतं. पानाला दोन्ही बाजूंना 1 इंच मार्जिन असेल तर लिहायला उरतात 159 मिमी, आणि आडवा ए3 आहे 420 चा. म्हणजे 2.5 मिमीचं टेक्स्ट 1 मिमीच्याही खाली, ते वाचायला भिंग लागेल. मग कोणी मूळ ड्रॉइंगमध्ये टेक्स्ट 6.6 करतं, रिपोर्ट छान दिसतो आणि साइटवर गेलेली शीट बघवत नाही. माझ्या मते याला एकच उपाय बरा, रिपोर्टसाठी त्याच फाइलमध्ये वेगळा लेआउट करायचा, कागदच 159 मिमी रुंदीचा घ्यायचा, टायटल ब्लॉक (ड्रॉइंगच्या नाव-नंबराची चौकट) उडवायचा, व्ह्यूपोर्टमध्ये (लेआउटवर ड्रॉइंग दिसते त्या खिडकीत) लागेल तेवढाच भाग दाखवायचा आणि टेक्स्ट 2.5. वर्डमध्ये टाकल्यावर पिक्चरची रुंदी 15.9 सेमी आहे ना ते साइजमध्ये जाऊन बघायचं, कोपरा धरून ओढायचं नाही. मात्र कोपरा ओढायचा मोह सगळ्यांनाच होतो, म्हणून मी रिपोर्ट पीडीएफ करायच्या आधी प्रत्येक फिगरची रुंदी एकदा चेक करतो.

डायमेन्शनच्या (ड्रॉइंगवरच्या मापांच्या) आकड्यांची हाइट बदलूनही बदलत नसेल तर टेक्स्ट स्टाइल उघडा. तिथे हाइट 0 सोडून काही फिक्स करून ठेवली असेल तर डायमेन्शन स्टाइलमध्ये टाकलेली हाइट चालतच नाही, आधी ती 0 करा.