अनुदानाचा अर्ज का अडतो? सोलापूरच्या संस्थांनी या चुका टाळाव्यात

अनुदानाची जाहिरात निघते तेव्हा मुदत जेमतेम पंधरा-वीस दिवसांची असते. ज्या कागदापायी अर्ज अडतो, तो कागद हातात यायला मात्र महिने जातात. जिल्ह्यात मनापासून काम करणाऱ्या कितीतरी संस्था याच फरकात मागे पडतात. नंतर म्हटलं जातं की आपली ओळख नव्हती, वशिला नव्हता. फाईल उघडून बघितली की वेगळंच दिसतं: कार्यकारिणीची यादी जुनी, पॅन कार्डावरचं नाव वेगळं, आणि ज्या विषयासाठी पैसे मागितले तो विषय संस्थेच्या उद्देशातच नाही. म्हणून जाहिरात आल्यावर कामाला लागणं, ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. तयारी करायची ती जाहिरात नसतानाच्या महिन्यांत.

मयत अध्यक्ष अजून कागदावर

आपल्याकडे बहुतेक संस्था दोन कायद्यांखाली नोंदलेल्या असतात: संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. म्हणून प्रमाणपत्रं दोन आणि क्रमांकही दोन, एक 'महा'चा (संस्था नोंदणीचा) आणि एक 'एफ'चा (विश्वस्त नोंदणीचा). अर्जात एकच क्रमांक टाकून मोकळं होऊ नका, दोन्ही लिहा.

निवडणूक झाली, कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, पत्ता बदलला, की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. सगळे त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. अनेक संस्थांमध्ये स्थापनेनंतर हा रिपोर्ट दिलेलाच नसतो. मग परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, उतारा काढला की त्यावर वारलेल्या अध्यक्षांचं नाव निघतं, आणि अर्जावर सही असते नव्या अध्यक्षांची. पैसे देणाऱ्याच्या दृष्टीनं त्या सहीला अर्थच राहत नाही.

मुदत उलटून गेली असेल तरी मार्ग आहे. विलंब माफीच्या अर्जासोबत चेंज रिपोर्ट द्या. मधल्या दोन-तीन निवडणुकांचे रिपोर्ट राहिले असतील तर ते क्रमानं द्या. जुना वगळून फक्त ताजा दिला तर जुन्याची विचारणा होणारच. प्रत्येक रिपोर्टसोबत सभेची नोटीस, हजेरी, ठराव, नव्या सदस्यांची संमतिपत्रं लागतात. यातलं इतिवृत्त आठवणीनं मागाहून लिहून काढू नका. सभेनंतर त्याच आठवड्यात रजिस्टर पूर्ण करायची सवय लागली की हा प्रश्नच मिटतो. रिपोर्ट प्रलंबित असताना जाहिरात आलीच, तर पोच, प्रकरण क्रमांक आणि निवडीचा ठराव अर्जाला जोडा आणि पत्रात तसं स्पष्ट लिहा. काही ठिकाणी तेवढ्यावर चालतं. लपवलं तर कुठंच चालत नाही.

वार्षिक हिशेबाचंही असंच आहे. वर्ष ३१ मार्चला संपतं, लेखापरीक्षण अहवाल सहा महिन्यांत धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे. अनुदान देणारे साधारण मागच्या तीन वर्षांचे अहवाल मागतात. तिन्ही एकाच दिवशी, एकाच शाईनं सही झालेले दिसले की शंका येते.

नाव एक, स्पेलिंग चार

जिल्ह्यातल्या निम्म्या संस्थांच्या नावात 'बहुउद्देशीय' असावं असं वाटावं इतका तो शब्द आपल्याकडे चालतो. नोंदणी प्रमाणपत्र मराठीत, पॅन इंग्रजीत, बँकेचं खातं इंग्रजीत, आणि प्रत्येक ठिकाणी टायपिंग करणारा माणूस वेगळा. कुठे दोन अक्षरं जास्त, कुठे 'संस्था'चं 'मंडळ', कुठे गावाचं नाव गायब. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर नोंदणी करताना पॅनवरचं नाव जुळावं लागतं. दर्पणचा क्रमांक नसेल तर केंद्र सरकारच्या बऱ्याच योजनांचा दरवाजाच उघडत नाही.

एका कोऱ्या कागदावर प्रमाणपत्र, पॅन, बँक पासबुक, दर्पण आणि आयकर नोंदणी या सगळ्यांवरचं नाव एकाखाली एक अक्षर न् अक्षर उतरवून काढा. फरक लगेच दिसतो. आधी पॅन दुरुस्त करा, मग बँक, मग बाकीचं. उलट क्रमानं गेलात तर तेच काम दोनदा करावं लागतं.

उद्देशांचाही याच वेळी विचार करा. संस्था शाळेसाठी स्थापन झाली आणि आता पाणलोटाच्या कामासाठी अर्ज करायचा, तर घटनेत शेती, पाणी, पर्यावरण यांचा उल्लेख हवा. नसेल तर उद्देशात बदल करता येतो, पण त्यासाठी विशेष सभा, तीन-पंचमांश मतं, आणि महिनाभरानंतर दुसऱ्या सभेत पुन्हा तेवढ्याच मतांनी शिक्कामोर्तब, असा कायद्याचा क्रम आहे. पंधरा दिवसांच्या जाहिरातीत हे बसत नाही.

गणेशोत्सव किंवा जयंती मंडळांनी एक गोष्ट वेगळी लक्षात घ्यावी. वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयातून मिळणारी परवानगी म्हणजे नोंदणी नव्हे. मंडळ वर्षभर रक्तदान, अभ्यासिका, वाचनालय असं खरं काम करत असेल, तर रीतसर नोंदणी करून घ्या. त्याशिवाय अनुदानाच्या रांगेत उभंच राहता येत नाही.

सीएसआरचा अर्ज चुकीच्या दारात

सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. त्यामुळे सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च, म्हटलं की कार्यकर्त्यांची पावलं आधी कारखान्याकडे वळतात. पण सीएसआरचं बंधन कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ मधलं आहे आणि ते कंपन्यांना लागू होतं. सहकारी साखर कारखाना ही सहकारी संस्था आहे, कंपनी नाही. नागरी सहकारी बँकेचं तेच. त्यांच्याकडे मदत जरूर मागा, पण ती त्यांच्या नफ्यातून वेगळ्या काढलेल्या निधीतून आणि संचालक मंडळाच्या ठरावानं मिळेल. पत्रात 'आपल्या सीएसआर निधीतून' असं लिहिलंत तर पत्र वाचणाऱ्याला तुमचा अभ्यास कच्चा आहे हे पहिल्याच ओळीत कळतं. चादर-टॉवेलचे बरेच कारखाने मालकी हक्काचे किंवा भागीदारीतले आहेत. त्यांनाही हे बंधन नाही.

बंधन कुणाला? ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिला. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करायचा असतो. खासगी साखर कारखाना नफ्यात असेल तर तो यात येऊ शकतो. फताटेवाडीचा एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा वीज प्रकल्प अशाच एका मोठ्या कंपनीचा आहे. कायदा कंपनीला आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, त्यामुळे तुमचं गाव प्रकल्पापासून किती अंतरावर आहे हे प्रस्तावात पहिल्या पानावर यायला हवं. आणि ज्या कंपनीचा वर्षाचा सीएसआर ५० लाखांच्या आत आहे, तिथं वेगळी समिती असावीच असं नाही. संचालक मंडळच निर्णय घेतं. अशा कंपनीत 'सीएसआर समिती' शोधत फिरण्यापेक्षा थेट संचालकांना लिहा.

संस्थेकडे आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, तीन वर्षांचं काम आणि सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला क्रमांक हवा. सीएसआर-१ हे १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे. जुनं, कायमस्वरूपी म्हणून मिळालेलं १२ए प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलेल्या संस्थांनी तपासून घ्यावं: २०२१ पासून सगळ्यांना नव्यानं नोंदणी करावी लागली आणि ती ठरावीक वर्षांपुरतीच असते. संपायची तारीख कार्यालयाच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवा. ८०जी असलेल्यांनी दरवर्षी ३१ मेपर्यंत देणगीदारांचं विवरण भरायचं असतं, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला सवलत मिळत नाही.

प्रस्तावात सोलापूर कुठे आहे?

कागद पूर्ण झाले की खरा मजकूर लिहायचा, आणि इथं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. कारण काम करणाऱ्या माणसांना आपल्या वस्तीची बारीक-सारीक माहिती असते, पण प्रस्तावात त्यातलं काही उतरत नाही. 'महिलांचे सक्षमीकरण करून त्यांना स्वावलंबी बनवणे' हे वाक्य नंदुरबारच्या प्रस्तावातही चालेल आणि नागपूरच्याही.

समजा, सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांसाठी शिवणवर्ग काढायचा आहे. त्यांचा दिवस कसा जातो ते लिहा. पानं भिजवायची, कापायची, घरकाम सांभाळत विड्या वळायच्या, तयार विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या, तपासून घ्यायच्या, पुढची पानं आणि तंबाखू घेऊन परत यायचं. वर्गाची वेळ सकाळी अकराची ठेवली आणि त्या वेळी बाई कारखान्याच्या रांगेत असेल, तर तीस नावं कागदावर राहतात आणि मशीनवर चारच जणी बसतात. वर्ग कुठल्या वेळी चालेल हे त्यांनाच विचारून लिहिलेलं एक वाक्य आकडेवारीच्या पानापेक्षा जास्त विश्वास देतं. या घरांमध्ये तेलुगू बोलली जाते. शिक्षिकेला तेलुगू येते का, हेही लिहा. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या सीमेवरच्या गावांत हाच प्रश्न कानडीचा असतो.

वेळापत्रकही इथलंच हवं. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, पंढरपूर परिसरात आषाढी-कार्तिकी, ऊसपट्ट्यात दिवाळीच्या आसपास सुरू होणारा गळीत हंगाम. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीचा प्रकल्प जूनमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरमध्ये संपत असेल, तर वाचणारा विचारणारच की मुलं इथं असतील तेव्हा तुम्ही कुठे असाल?

अंदाजपत्रक: कमी दाखवून मंजुरी मिळत नाही

वरच्याच शिवणवर्गाचा हिशेब मांडू. शिक्षिकेचं मानधन दरमहा १२,००० प्रमाणे सहा महिन्यांचे ७२,०००. पंधरा मशीन, प्रत्येकी ९,००० धरून १,३५,०००. जागेचं भाडं दरमहा ५,००० प्रमाणे ३०,०००. बेरीज २,३७,००० रुपये. इथंच थांबतात बरेच जण. कापड-दोरा, वीजबिल, मशीनची दुरुस्ती, हिशेब लिहिणाऱ्याचं मानधन, ऑडिटची फी कुठे गेली? हे पैसे नंतर कार्यकर्त्याच्या खिशातून जातात, किंवा खर्चाच्या दुसऱ्या शीर्षातून उचलले जातात, आणि मग हिशेब बिघडतो. सेवाभावी संस्था म्हणजे फुकटात चालणारी संस्था, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. खर्च आहे तसा दाखवा, मशीनची तीन दरपत्रकं जोडा, जीएसटी धरून रक्कम लिहा. लोकवर्गणी दाखवणार असाल तर ती खरोखर जमा होईल एवढीच दाखवा.

खासदार निधीतून मानधन किंवा कार्यक्रमाचा खर्च मागण्यात वेळ घालवू नका. तो टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी असतो. गावातल्या बचत गटांनी 'उमेद'कडे, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाकडे, जाण्याआधी पंचसूत्रीची वही पुरी करावी: आठवड्याची बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, लिहिलेले हिशेब.

परदेशातला पैसा आणि दलाल

परदेशात असलेला गावचा मुलगा प्रेमानं पैसे पाठवतो आणि संस्था अडचणीत येते, असं होऊ नये. तो भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर हरकत नाही. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, तो पैसा परदेशी ठरतो. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी यांशिवाय तो घेता येत नाही. अशी नोंदणी असलेल्या संस्थेनं आपला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला वाटायलाही २०२० च्या दुरुस्तीनंतर बंदी आहे.

'फाईल पास करून देतो, दहा टक्के आधी द्या' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. 'परदेशी फाउंडेशनचं एक कोटीचं अनुदान मंजूर झालं, प्रक्रिया शुल्क भरा' असे मेलही त्याच जातीचे. खरा देणारा मंजुरीसाठी पैसे मागत नाही.

मिळालेलं अनुदान दुसऱ्या हप्त्याआधी हातचं जातं

पहिला हप्ता मिळाला की सगळ्यांना हायसं वाटतं आणि हिशेब मार्चवर ढकलला जातो. मंजुरीपत्राच्या तारखेआधीचं बिल लावलं, की ते नामंजूर. शीर्ष बदलून खर्च केला आणि लेखी परवानगी घेतली नाही, की तेही. एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांहून जास्त रोख दिली, तर आयकरात तो खर्च धरला जात नाही. केंद्राच्या अनुदानात उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, ठरल्या नमुन्यातच द्यावं लागतं, आणि खात्यात पडून राहिलेल्या रकमेवरचं व्याजही परत करावं लागतं. ते संस्थेचं उत्पन्न नव्हे. घेतलेली मशीन डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) रजिस्टरला चढवा, प्रत्येकीवर क्रमांक रंगवा, फोटो काढा.

अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी विचारा. कंपनी किंवा ट्रस्ट असेल तर साधा, नम्र मेल पुरतो. बरेच जण उत्तर देतात. सरकारी योजना असेल आणि उत्तर मिळत नसेल, तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं शुल्क भरून आपल्या प्रस्तावावरच्या टिपणीची आणि छाननी तक्त्याची प्रत मागा. ३० दिवसांत माहिती द्यायची असते. त्या तक्त्यात तुमच्या नावासमोर शेवटच्या रकान्यात एखादी ओळ असते, बहुतेकदा एखाद्या कागदाबद्दल. तो कागद आजच करायला घ्या आणि पुढच्या वर्षीच्या अर्जात जुन्या अर्जाचा क्रमांक देऊन ती पूर्तता केल्याचं पहिल्याच पानावर लिहा.