वणव्याआधीची जाळरेषा: काजू-आंब्याच्या बागेत पेट्रोल ब्लोअर चालवताना

संक्रांतीपर्यंत कोकणातल्या सड्यांवरचं (कातळी पठारांवरचं) गवत पार पिवळं पडतं. पुढे ऐन, किंजळ, सागाची पानगळ त्यावर साचते. मग विडीचं एक थोटूक, विजेच्या तारांची ठिणगी किंवा भाताच्या तरव्यासाठी (रोपांसाठी) कुणी केलेली भाजावळ, म्हणजे जमीन भाजायला लावलेली आग, पुरते. वन विभाग वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतो. बागायतदाराने त्यावर थांबू नये. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत-पाला काढून मोकळा केलेला पट्टा, जानेवारीतच निघाली पाहिजे, कारण फेब्रुवारीत काजूची बी पडायला लागते, आंब्याच्या फवारण्या अंगावर असतात आणि या कामाला माणूस मिळत नाही.

हल्ली या कामासाठी पेट्रोलवर चालणारा ब्लोअर, म्हणजे जोराच्या हवेने पानं उडवणारं पाठीवरचं यंत्र, बऱ्याच बागांत दिसतो. ग्रास कटरने गवत कापायचं आणि मागोमाग ब्लोअरने पट्टा झाडून काढायचा. झाडू-दाताळ्याचं दिवसाचं काम सकाळभरात उरकतं, यात शंका नाही. पण ब्लोअर पाठीवर घेणं म्हणजे टाकीभर पेट्रोल आणि तापलेला सायलेंसर घेऊन वाळल्या गवतातून हिंडणं. हलगर्जीपणा झाला तर वणवा अडवायला आणलेलं यंत्रच तो लावेल. खालचा सल्ला या एका गोष्टीभोवती आहे.

पट्टा कुठे आणि किती रुंद

बागेच्या चारी कडांनी किमान दहा फूट. बाग उतारावर असेल तर खालच्या कडेला पंधरा-वीस फूट ठेवा, कारण आग चढावर झपाट्याने धावते. वरच्या कडेला त्याहून कमी, दहा फूटही चालेल. विजेच्या तारांखालची जागा आणि डीपीचा भोवताल गवत कापून मोकळा करा. तारा लोंबत असतील किंवा फांद्यांना लागत असतील तर महावितरणला १९१२ वर कळवा. डीपीच्या कुंपणात मात्र स्वतः शिरू नका.

पट्ट्यातली पानं कुठे जातात, याकडे फार कमी लोक बघतात. ब्लोअर मारत गेलं की पट्ट्याच्या कडेला पानांची लांबच लांब वळी तयार होते. पट्टा स्वच्छ दिसतो, पण त्याच्या काठावर गुडघाभर सरपण रचलेलं असतं. तिथे आग आली की ज्वाळा उंच उठते आणि दहा फूट सहज ओलांडते. म्हणून पानं बागेच्या आतल्या बाजूला, पातळ पसरतील अशी उडवा, किंवा दाताळ्याने ओढून खतखड्ड्यात घाला. रस्त्यावर, शेजाऱ्याच्या बागेत किंवा पऱ्यात (ओढ्यात) ढकलू नका. आणि पट्ट्यातला पाला तिथेच पेटवून देण्याचा मोह तर अजिबात नको.

आतल्या झाडांखालचा पाला मात्र राहू द्या. जांभ्याच्या मातीत ओल टिकवणारं तेच एक आच्छादन आहे. खोडाभोवती दोन-तीन फुटांचं कडं मोकळं केलं तरी पुरे. काही बागायतदार हौसेने अख्खी बाग अंगणासारखी चकाचक करून घेतात. फोटोला छान दिसतं, एप्रिलमध्ये मुळं तापतात.

पेट्रोल

ब्लोअर टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक, हे आधी पक्कं करा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळावं लागतं. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर असतं. ५० ला १ असेल तर लिटरमागे २० मिली आणि २५ ला १ असेल तर ४० मिली. अंदाजाने झाकणभर ओतू नका, औषधाचं मापपात्र वापरा आणि ते फक्त याच कामाला ठेवा. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो. जास्त झालं तर धूर होतो, प्लग काळा पडतो आणि सायलेंसरमध्ये काजळी साचते. ही काजळी पेटून ठिणग्या बाहेर पडतात, तेव्हा ‘जरा जास्तच घातलेलं बरं’ हा हिशेब इथे चालत नाही. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळ्या जागी भरायचं असतं आणि टाकीत साधं पेट्रोल.

घोळ होतो तो कॅनमध्ये. ग्रास कटर फोर-स्ट्रोक, ब्लोअर टू-स्ट्रोक आणि दोन्ही कॅन एकाच रंगाचे. मिश्रणाच्या कॅनवर रंगाने मोठं ‘ऑइल मिसळलेलं’ असं लिहा आणि तारीख घाला. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. कोकणातल्या दमट हवेत मिश्रण महिनाभराच्या वर ठेवू नये. पंधरा दिवसांत संपेल एवढंच करावं हे उत्तम. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत पेट्रोल ठेवणं कायमचं बंद करा. तहानलेला माणूस बाटली उचलतो ती वास घेऊन नव्हे.

टाकी भरताना यंत्र बंद करून पाठीवरून उतरवा आणि किमान दहा मिनिटं थंड होऊ द्या. ही दहा मिनिटं कुणाला नको असतात, पण सायलेंसरवर सांडलेलं पेट्रोल थांबत नाही. भरायची जागा म्हणजे उघडा कातळ किंवा पाणी मारलेली माती. गवतावर नाही, गाडीच्या हौद्यात नाही आणि वाड्यातल्या बंद खोपीत तर नाहीच. नरसाळं वापरा, टाकी गळ्यापर्यंत भरू नका, सांडलेलं पुसा आणि चालू करण्यापूर्वी तिथून दहा-पंधरा पावलं लांब जा. आसपास विडी कोणाचीच नको, बघायला आलेल्या पाहुण्याचीही. जवळ पाण्याचं पिंप आणि हिरव्या फांद्यांचे दोन झोडपे ठेवा.

अंगावर काय असावं

पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, जाड पॅन्ट, गमबूट किंवा घोट्याच्या वर जाणारे बूट, हातमोजे. हवा ओढणारी जाळी पाठीमागे किंवा बाजूला असते आणि सैल कपडा तिथे सहज खेचला जातो. टॉवेल, उपरणं, ओढणी, पदर, मोकळे केस, गळ्यातली दोरी यातलं काहीही सुटं नको. साडी नेसून हे यंत्र पाठीला लावू नये. बायकांना हे काम करायचं असेल तर शर्ट-पॅन्ट द्या, केस टोपीत बांधा.

नळीतून निघणारी हवा ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे असते. पान उडतं तसा जांभ्याचा बारीक खडाही उडतो. साधा चष्मा पुरत नाही, बाजूंनी बंद असलेला गॉगल हवा. धुळीसाठी एन-९५ मास्क घाला. तोंडाला बांधलेल्या रुमालातून बारीक धूळ आरपार जाते, आणि त्या धुळीत बुरशी असते, सुकलेली विष्ठा असते, मागच्या फवारणीचं औषधही असतं. नुकतीच फवारणी झालेल्या भागात औषधाच्या लेबलवर दिलेला कालावधी संपेपर्यंत ब्लोअर नेऊ नका.

कानाचं कोणी मनावर घेत नाही. पाठीवरच्या ब्लोअरचा आवाज कानाशी शंभर डेसिबलच्या आसपास जातो. इतक्या आवाजात उघड्या कानांनी दिवसाला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त राहू नये, असा कामगारांच्या आरोग्यासाठीचा एक मान्य निकष आहे. आपण तीन-तीन तास राहतो. कापसाच्या बोळ्याने काही होत नाही. कानावर बसणारे मफ किंवा फोमचे प्लग घ्या, किंमत फार नाही. यंत्राच्या कंपनाने बोटं बधिर होतात, म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने थांबून माणूस बदला.

इथे एक स्पष्ट सांगायला हवं. यंत्र मालकाचं असलं तरी पाठ गड्याची असते. रत्नागिरी-देवगडकडच्या बागांत हे काम बऱ्याचदा नेपाळी गडी करतात. मराठी पुस्तिका त्याच्या हातात देऊन भागत नाही, त्याला हिंदीतून, यंत्र समोर ठेवून समजावलं पाहिजे. गॉगल, मास्क, मफ हे मजुरीतून कापायचे नसतात.

पाचोळ्यातलं फुरसं

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यावर फुरसं भरपूर. वितीएवढंही असतं, मातीच्या रंगाचं, पाचोळ्यात वेटोळं करून बसलेलं. एरवी ते अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करतं आणि माणूस सावध होतो. ब्लोअर चालू असताना आणि कानांवर मफ असताना ही सूचना ऐकूच येत नाही. त्यामुळे पट्ट्यात शिरण्यापूर्वी यंत्र बंद असतानाच लांब काठीने पाचोळा आणि दगडांच्या कपारी हलवून घ्या. उघड्या हाताने ढीग उचलू नका. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने जाताना नळी पुढे आणि पाय मागे ठेवा.

चावलंच तर आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हात-पाय हलणार नाही असा धरून १०८ ची गाडी बोलवा किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. सरकारी रुग्णालयांतली सर्पदंशाची प्रतिलस फुरशाच्या विषावरही चालते.

झाडावर आग्या मोहोळ असेल तर तेवढा भाग सोडून द्या. आवाज आणि धूर दोन्ही त्या माश्यांना खपत नाही. काजू-आंब्यावरचे हुमले (लाल मुंग्या) निदान चावून सोडून देतात.

चालू करताना आणि चालवताना

एअर फिल्टर, टाकीचं झाकण, पेट्रोलची नळी आणि सायलेंसरची जाळी बघा. या जाळीमुळेच ठिणगी बाहेर पडत नाही. जाळी चोंदली की यंत्राचा दम कमी होतो, मग मेकॅनिक ती काढून टाकतो आणि यंत्र ‘मस्त’ चालतं. अशा ब्लोअरला बागेत आणू नका. जाळी साफ करून परत बसवून घ्या.

यंत्र मोकळ्या जमिनीवर ठेवा, एका हाताने घट्ट दाबा, चोक लावा, रबरी फुगा दाबून पेट्रोल वर आणा आणि दोरी ओढा. पाठीवर घेऊन दोरी ओढायला दुसऱ्याला सांगू नका. फटफट झाली की चोक काढा आणि मिनिटभर तसंच चालू द्या. उघड्यावरच हं, खोपीत चालू केलेल्या यंत्राचा धूर विषारी असतो.

पन्नास फुटांच्या आत माणूस, पोर, गुरं, कुत्रं नको. सोबतीला एक जण असावा, पण अंतरावर आणि समोरून दिसेल असा, कारण हाक ऐकू येणार नाही. हाताची खूण आधी ठरवून घ्या. वाळल्या पानांना अर्धा थ्रॉटल पुरतो. पूर्ण ताकद लावली की पानांपेक्षा माती जास्त उडते. नळीचं तोंड जमिनीपासून चार-सहा इंचांवर, डावी-उजवीकडे सावकाश फिरवत पुढे चला. उलटं चालू नका. चढ-उतारावर तिरकं चाला, बांधावरून यंत्रासह उडी नको.

वारा पाठीशी असला पाहिजे. किनारपट्टीत सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा असतो. दुपारकडे तो पडतो आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. त्यामुळे बागेची पूर्वेची कड सकाळी घ्यावी, पानं आपोआप आत येतील. पश्चिमेची कड मतलई पडल्यावर, खाऱ्या वाऱ्याला जोर चढायच्या आत उरका. अगदी पहाटे जाण्यात अर्थ नाही, दंवाने भिजलेली पानं जमिनीला चिकटून बसतात. उन्हं आल्यावर, साडेआठ-नऊला सुरुवात बरी. मार्चनंतर अकरा ते चार यंत्र बंद, वारा जोराचा असेल त्या दिवशीही बंद.

जानेवारीत हापूस मोहोरलेला असतो. मोहोरावर बसलेली धूळ कुठल्याच फवारणीला मदत करत नाही, आणि सकाळी त्यावर माश्या-मधमाश्या फिरत असतात. मोहोरलेल्या ओळीजवळ नळी खाली, थ्रॉटल कमी. शक्य तिथे तेवढा तुकडा झाडूनेच काढा.

थांबताना यंत्र गवतावर टेकू नका. सायलेंसर बंद केल्यावरही बराच वेळ गवत पेटवण्याइतका तापलेला असतो. कातळ किंवा पायवाट बघा. काम संपलं की पट्ट्यावरून एक चक्कर मारा आणि मगच घरी जा.

आग लागलीच तर

वन विभागाची पथकं ब्लोअरने जळती पानं आगीकडेच परत ढकलतात, हे पाहून आपणही धावावं असं वाटतं. ते लोक गटाने, शिकून आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन काम करतात. एकट्या माणसाने नळीचा कोन चुकवला तर निखारे पट्ट्यापलीकडे, थेट बागेत जाऊन पडतात. पाठीवर पेट्रोल असतं ते वेगळंच. आग पाहिली की ब्लोअर लांब नेऊन ठेवा, वन विभागाच्या १९२६ किंवा ११२ वर फोन करा, गडग्याच्या आतलं गवत ओलं करा आणि हिरव्या फांद्यांनी झोडपायला माणसं जमवा. तेही ज्वाळा कमरेखाली असेल तरच, आणि चढाच्या बाजूला उभं राहून कधीच नाही.

पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा, मग यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये काही उरत नाही. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. हवेच्या नळीची तोंडं कापडाने बांधून ठेवा, नाहीतर उंदीर घर करतो. पेट्रोलची रबरी नळीही तो कुरतडतो, म्हणून पुढच्या डिसेंबरात पहिल्यांदा पेट्रोल भरल्यावर दोरी ओढण्याआधी खाली ओघळ दिसतोय का ते वाकून बघा.