कॉस्टकोचं सोन्याचं बिस्कीट आणि स्वस्त दुकानांतल्या भारी वस्तू: घेताना काय पाहायचं

अमेरिकेतली स्वस्ताईची दुकानं सध्या पैसेवाल्या गिऱ्हाइकांच्या मागे आहेत. बाजारातला आपला जो हिस्सा वाढला, त्यातला 75 टक्के वर्षाला एक लाख डॉलरहून जास्त कमावणाऱ्या घरांमुळे वाढला, असं वॉलमार्टने 2024 मध्ये सांगितलं. कॉस्टकोने 2023 मध्ये संकेतस्थळावर सोन्याची बिस्किटं ठेवली आणि नोव्हेंबरअखेरच्या तिमाहीत दहा कोटी डॉलरहून जास्त सोनं विकलं. अशी वस्तू दिसली की आधी एवढंच बघा: दुकान इथे कशावर कमावतंय? कॉस्टकोत खरेदीसाठी सभासद व्हावं लागतं; ती सोन्यावर फारसं कमावत नाही, तिची खरी कमाई सभासद फीची आहे. म्हणून सोन्याचा हिशेब गिऱ्हाइकाच्या बाजूने लागू शकतो. अशा दुकानांतल्या महागड्या पर्सचा लागेलच असं नाही.

बिस्कीट बहुधा 1 ट्रॉय औंसाचं, 24 कॅरट, 999.9 शुद्धतेचं असतं. ट्रॉय औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, दहा ग्रॅमच्या तोळ्याने तीन तोळ्यांच्या थोडं वर. स्वयंपाकघरातला 28.35 ग्रॅमचा औंस धरलात तर सगळा हिशेब चुकेल. खरेदीच्या क्षणी स्पॉट भाव, म्हणजे सोन्याचा त्या घडीचा बाजारभाव, बघा आणि बिस्कीट त्याच्या किती टक्के वर आहे ते काढा. समजा स्पॉट 4,000 डॉलर आणि बिस्कीट 4,080, म्हणजे 2 टक्के वर. काही राज्यांत यावर विक्रीकरही लागतो, तो पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर दिसतो. तो लागत असेल तर सौदा तिथेच सोडा.

जास्त फी भरणाऱ्या ‘एक्झिक्युटिव्ह’ सभासदाला 2 टक्के आणि कॉस्टकोच्या सिटी व्हिसा क्रेडिट कार्डावर आणखी 2 टक्के परत मिळतात. 4,080 वर हे सुमारे 163 डॉलर होतात, म्हणजे बिस्कीट 3,917 ला पडलं. ही रक्कम लगेच मिळत नाही, दोन्हींचा हिशेब वर्षातून एकदाच होतो. कार्डाचं बिल एक महिना जरी थकवलंत तरी बराचसा फायदा व्याजात जातो. आता विकण्याची बाजू. कॉस्टको सोनं परत घेत नाही, त्यामुळे मोडायला सराफाकडेच जावं लागतं. त्याने स्पॉटच्या 3 टक्के खाली घेतलं तर हातात 3,880 येतात. चढलेल्या भावात भरपाई होते, पण भाव जागच्या जागी राहिला तर तोटा ठरलेला. वर्षभराच्या आत विकलंत तर नफा नेहमीच्या उत्पन्नात धरला जातो. त्यानंतर विकलंत तरी अमेरिकेत सोनं ‘संग्राह्य वस्तू’ मानलं जातं आणि कर 28 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

पार्सल सही करून घ्या आणि उघडताना सलग व्हिडिओ काढा. बिस्किटावरचा क्रमांक आणि त्याच्यासोबतच्या प्रमाणपत्राच्या कार्डावरचा क्रमांक पारदर्शक वेष्टनातूनच जुळवा. वेष्टन फोडू नका, फोडलेल्या बिस्किटाला सराफ कमी भाव देऊ शकतो. घरात ठेवणार असाल तर विम्याची पॉलिसी वाचा: नेहमीच्या घरविम्यात चोरी झालेल्या नाण्या-बिस्किटांची भरपाई अनेकदा अवघ्या 200 डॉलरपुरती असते. बँकेच्या लॉकरलाही ठेवींसारखं सरकारी संरक्षण नसतं.

मुलीच्या बांगड्यांसाठी म्हणून बिस्कीट घेण्यात मात्र अर्थ नाही. सराफ ते मोडीच्या भावाने घेईल आणि वर घडणावळ लावेल, म्हणजे दोन्हीकडून कात्री. भारतात नेण्याचा बेत असेल तर ध्यानात ठेवा, करमुक्त सवलत दागिन्यांना आहे, बिस्किटांना नाही. विमानतळावर लाल मार्गिकेतून जाऊन ते जाहीर करावं लागतं.

हिऱ्याची अंगठी घेतली तर जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचं प्रमाणपत्र जपा. एक कॅरट किंवा मोठा हिरा परत करताना कॉस्टको मूळ कागद मागते, आणि पैसे देण्याआधी रत्नपारखी तपासणी करतो. घड्याळात हमी कोणाची, हे विचारा. कॉस्टकोने बाहेरच्या बाजारातून आणलेली ओमेगा घड्याळं विकली, तो खटला 2010 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. अशा मालाला कंपनीची हमी लागू असेलच असं नाही. दुकान स्वतः हमी देत असेल तर तिची मुदत लेखी घ्या.

टीजे मॅक्स या ब्रँडेड माल सवलतीत विकणाऱ्या दुकानात किमतीच्या चिठ्ठीवर तुलनेसाठी मोठी किंमत छापलेली असते. तो अंदाज आहे, ती वस्तू त्या किमतीला कुठे विकली गेली असेलच असं नाही. शिवाय काही माल खास अशा दुकानांसाठीच बनतो. म्हणून चिठ्ठी झाकून वस्तू बघा: पर्सची शिवण, अस्तर, चेन, चामड्याची कड. मग त्याच मॉडेलचा क्रमांक फोनवर शोधा. क्रमांक कुठेच सापडला नाही, तर छापलेल्या किमतीकडे बघूच नका.

वॉलमार्टच्या संकेतस्थळावर 2024 पासून रीबॅग या जुन्या पर्स विकणाऱ्या कंपनीमार्फत शनेल, हर्मेस या महागड्या ब्रँडच्या वापरलेल्या पर्स मिळतात. त्याच संकेतस्थळावर बाहेरच्या विक्रेत्याची, हर्मेसच्या प्रसिद्ध बिर्किन पर्ससारखी दिसणारी पर्स शंभर डॉलरच्या आसपास विकली जात होती आणि गाजलीही. पान तेच, विक्रेते वेगळे. त्यामुळे ‘विक्रेता’ आणि ‘पाठवणारा’ या दोन ओळी वाचल्याशिवाय पैसे भरू नका, आणि परतीची मुदत त्या विक्रेत्याच्याच पानावर बघा. वॉलमार्टच्या स्वतःच्या मालाचा नियम त्याला लागू होईल असं गृहीत धरू नका.